वरच्याची लाँड्री

मादलोमोला चौकश्यांची खोड लहानपणापासूनची. कोंबडी अंड्यांवर बसली की ही कोंबडीपाशी बसायची, आणि आत काय चाललंय म्हणून अंडं कानाला लावून बघायची. पुढे लग्न झालं, केस रुमालाखाली गेले, लेक लांबच्या गावी नांदायला गेली, नवरा देवाघरी गेला. खोड तेवढी राहिली.

म्हणून स्टेशनामागची लाँड्री बंद पडली तेव्हा बाकीच्या बायका डोक्याला हात लावून बसल्या, आणि मादलोमोच्या मनात पहिला विचार आला तो हा, की आपल्या पगारातून दर महिन्याला सरकार जो इवलासा वाटा कापून घ्यायचं तो आता कुठे असेल? इस्पितळानं स्वतःची मशिनं आणली, हॉटेलवाल्यांनीही आणली, मालकानं दाराला कुलूप लावलं आणि तो लेकीकडे राहायला गेला. त्यात कुणाचा दोष काढणार? पण तो कापलेला वाटा काही मालकाबरोबर गेला नव्हता. नोकरी गेली की त्यातूनच बेकारीचा भत्ता मिळतो, हे तिनं ऐकलं होतं. तो कसा मिळतो, हे तिला बघायचं होतं.

तो मिळायलाही हवा होता. धाकट्या बहिणीनं केप टाउनात एका घरी काम बघून ठेवलं होतं. भत्ता सुरू झाला तर इथेच कोमानीत राहून दुसरं काम शोधायला सवड मिळणार होती. नाही तर महिनाअखेरीच्या बसनं जायचं आणि म्हाताऱ्या सासऱ्याला पुतण्याच्या हवाली करायचं. पुतण्या असा, की त्यालाच रोज कुणीतरी गुत्त्यावरून उचलून घरी आणावं लागायचं. मादलोमोला जायचं नव्हतं. सासरा किरकिऱ्या होता, पण तिचा होता.

आमच्या कोमानीत लेबरच्या कचेरीतली रांग उभी नसते, बसलेली असते. निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या वळत वळत खिडकीपर्यंत गेलेल्या. पुढचा माणूस खिडकीशी गेला की सगळ्यांनी उठायचं आणि एकेक खुर्ची पुढे सरकून बसायचं. पहाटे आलेला माणूस दुपारपर्यंत अख्खी कचेरी बुडानं मोजून काढतो. दुसरी कुणी असती तर कंटाळली असती. मादलोमो मात्र दर खुर्चीला नवा शेजार मिळाल्यासारखी खूश. कुणाला कशानं काढलं, कुणाचं काम बुडलं, कुणी स्वतःहून सोडलं आणि आता पस्तावलंय, सगळं विचारून घेत होती.

“सिसी, सरकार प्रत्येकाचा वाटा वेगळा ठेवतं, की सगळ्यांचा एकाच पातेल्यात?” तिनं शेजारच्या मागवेवूला विचारलं. मागवेवू हॉटेलात स्वयंपाकीण होती, ते हॉटेल बसेपर्यंत.

“अगं बाई, तुझी नोकरी गेलीये की तू इथे तपासणीला आलीयेस?” मागवेवू म्हणाली. “पातेलं एक असो नाही तर शंभर. माझ्या ताटात पडलं म्हणजे झालं.”

पण घोडं अडलं ते पातेल्यावर नव्हे, अर्जातल्या एका रकान्यावर. शेवटच्या मालकाचं किंवा कंपनीचं नाव.

मादलोमोच्या सासऱ्याचं नाव लांगा. आता सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे तर आलंच. पण त्या नावासारखा ऐकू येणारा शब्दसुद्धा ओठांवर आणायचा नाही. आणि आमच्या खोसा भाषेत लांगा म्हणजे सूर्य. म्हणून लग्न झाल्या दिवसापासून मादलोमोच्या तोंडी सूर्य नव्हता. ‘वरचा’ होता. आज वरचा फार तापलाय, वरचा बुडायच्या आत कपडे काढा. मामा म्हणजे आमच्यात आई; शेजारची पोरं मुद्दाम तिला विचारायची, “मामा, दिवसा आभाळात काय असतं गं?” आणि ती त्यांना चपलेचा धाक दाखवायची. आता नशिबाची गंमत बघा. सगळ्या गावात तिला काम मिळालं ते कुठे? तर लांगा स्टीम लाँड्रीत. इतकी वर्षं ती तिथे चादरींना इस्त्री करत होती आणि एकदाही तिनं त्या जागेचं नाव उच्चारलं नव्हतं. कामावर जाते म्हणायची, फार तर धुलाईला जाते म्हणायची. कुणाचं काही अडलं नाही.

अर्ज हातात घेऊन ती विचारात पडली. लिहिणं म्हणजे उच्चारणं का? तिला खरोखरच कळेना, आणि कळेना म्हटल्यावर तिनं रांगेलाच विचारलं.

“बोट म्हणजे जीभ नव्हे,” पुढच्या खुर्चीवरचा एक ड्रायव्हर म्हणाला. “बिनधास्त लिही.”

“शहाणाच आहेस,” मागवेवू म्हणाली. “लिहिताना माणूस मनात म्हणतो की नाही? माझी सासू दुकानात साबण मागायची नाही, नुसतं बोट दाखवायची. तिच्या सासऱ्याच्या नावात तो शब्द होता.”

“बोट दाखवायची म्हणजे बोटाला मुभा होती,” ड्रायव्हर म्हणाला.

वाद रंगला, तीन खुर्च्या पुढे सरकला, आणि निकाल काही लागला नाही. शेवटी मादलोमोनं रकान्यात स्वच्छ अक्षरांत लिहिलं, ‘वरच्याची लाँड्री’.

खिडकीत मिस आरेन्ड्से होती. ती केपकडची, आफ्रिकान्स बोलणाऱ्यांतली; आमची खोसा तिनं कामापुरती शिकून घेतलेली. बाई कामाला चोख आणि मनानं वाईट नव्हे. तिनं अर्ज वाचला, कॉम्प्युटरवर बोटं चालवली आणि चष्मा वर केला.

“मामा, ही कुठली लाँड्री?”

“आमचीच. स्टेशनामागची.”

“ह्या नावाची लाँड्रीच नाहीये. तुमच्या ओळखपत्राच्या नंबरासमोर दुसरंच नाव येतंय.”

“कुठलं येतंय?” मादलोमोनं मान पुढे काढून विचारलं. ते नाव पडद्यावर कसं दिसतं, हे तिला बघायचं होतं.

मिस आरेन्ड्सेनं पडदा आपल्याकडे वळवून घेतला. “ते मी नाही सांगायचं, तुम्ही सांगायचं. लोक दुसऱ्याचं ओळखपत्र घेऊन येतात, म्हणून हा नियम आहे. लिहिलेलं जुळलं नाही की तोंडी सांगावं लागतं. अर्जदारानं, स्वतःच्या तोंडानं.”

मादलोमोनं बोट वर केलं. मग म्हणाली, “सकाळी उगवतो ना, तो.”

“कोण?”

“वरचा.”

मिस आरेन्ड्सेनं छताकडे बघितलं. “देव?”

मागे रांग खो खो हसली. मागवेवू पुढे होऊन सांगायला लागली तशी मिस आरेन्ड्सेनं हात वर केला. “दुसऱ्या कुणी नाव घेतलं तर मला अर्ज बंद करावा लागेल.” मागवेवू तोंडावर रुमाल दाबून खाली बसली. दारावरचा पहारेकरी लुन्डी तेवढा काचेला तोंड लावून हळूच बोलला. “मिस, तिला येत नाही असं नाहीये. सासऱ्याचं नाव आहे ते. आमच्यात सून घेत नाही.”

मिस आरेन्ड्सेनं ऐकून घेतलं. तिला पटलंही असावं, पण ती लुन्डीला म्हणाली, “भुती, भाऊ, माझ्या कॉम्प्युटरला सासरा नाही. गुरुवारपर्यंत मी अर्ज उघडा ठेवते. त्यानंतर तो आपोआप बंद होतो, मग माझ्याही हातात नाही.”

मादलोमो घरी आली तेव्हा म्हातारा नेहमीसारखा भिंतीला पाठ लावून उन्हात बसला होता. तिनं मक्याचं मोकळं पीठ शिजवलं, त्यावर अमासी ओतलं. आंबट दुधाशिवाय त्याला घास जात नसे. त्यानं चमचा हातात घेतला आणि विचारलं, “काय म्हणाले, मोलोकाझाना?” सुनेला तो नेहमी सूनच म्हणायचा.

“नाव विचारतात, ताता.”

“कुणाचं?”

“लाँड्रीचं.”

“मग सांगायचं. इतकी वर्षं तिथे राबलीस की. काय नाव तिचं?”

मादलोमो जमिनीकडे बघत राहिली.

“विसरलीस?”

“नाही, ताता.”

“मग कुणी बोलू नको म्हणून सांगितलंय?”

म्हाताऱ्याचा चमचा वाटी आणि तोंड यांच्यामध्ये थांबला. तो कधी स्टेशनामागे गेला नव्हता आणि हिनं कधी घरात नाव काढलं नव्हतं. सुनेच्या गप्प बसण्यावरून त्याला ते आज कळलं.

“अस्सं,” तो म्हणाला. “म्हणजे मीच.”

आणि हसायला लागला. इतका हसला की अमासी कोटावर सांडलं. “मी इथे भिंतीशी बसून, आणि तिकडे माझ्या नावाची पाटी लावून लोक चादरी धुताहेत. मोठी होती का गं पाटी?”

“मोठी होती, ताता. लाल अक्षरं. आणि शेजारी वरच्याचं चित्र.”

“किरणांसकट?”

“किरणांसकट.”

म्हातारा समाधानानं जेवला. वाटी खाली ठेवल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला. नाव नाही सांगितलं तर काय होईल, ते त्यानं विचारलं आणि तिनं लपवलं नाही. बहिणीनं बघितलेलं काम, बस, पुतण्या, सगळं सांगितलं. तो बराच वेळ काठीनं माती उकरत बसला.

“गुरुवारी मी येतो,” तो म्हणाला.

गुरुवारी म्हातारा हॅट घालून, काठी घेऊन, चर्चला जायचा कोट चढवून आला. खुर्ची सरकायची वेळ आली की तो कुरकुरायचा. “बसवायचं तर बसवा, उठवायचं तर उठवा. हे काय, कवायत आहे का?” मागवेवूचं काम अजून व्हायचंच होतं. ती म्हणाली, “ताता, तुम्हालाही कामावरून काढलं की काय?”

“मला कोण काढणार? लाँड्री माझ्या नावाची होती.”

रांग हसली. मादलोमोला हसू येत नव्हतं. म्हातारा खिडकीशी गेला आणि त्यानं हॅट काढली.

“मिस, ही माझी सून. हिचं तोंड माझ्या नावानं बांधलंय, तर मीच सोडतो. सगळ्यांसमोर सोडतो.” मग तो तिच्याकडे वळला. “म्हण. मी पाठ करतो. पाठीला कान नसतात.”

आणि तो खरंच रांगेकडे तोंड करून उभा राहिला, हॅट छातीशी धरून. रांगेनंही माना खाली घातल्या. मिस आरेन्ड्सेनं बोटं कळफलकावरून उचलली आणि ती थांबून राहिली.

मादलोमोनं प्रयत्न केला. पहिल्या अक्षराशीच अडली. लहानपणी हाच शब्द ती दिवसातून शंभरदा बोलली असेल. त्याच्यावर रचलेली गाणी म्हणत दोरीवर उड्या मारल्या असतील. मग एके दिवशी तो तोंडातून काढून ठेवला, तो ठेवलाच. इतकी वर्षं तिला आतून एक कुतूहल होतं, की आता आपल्या तोंडात तो कसा वाटेल? आणि आज म्हणायची वेळ आली तर भीती वाटत होती. कशाची, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिनं समोर म्हाताऱ्याच्या पाठीकडे बघितलं. कोटाची शिवण खांद्यावर उसवली होती. ती शिवायची राहिली होती.

“लांगा,” ती म्हणाली. “लांगा स्टीम लाँड्री.”

काहीच झालं नाही. शब्द तिला वाटला होता त्यापेक्षा हलका निघाला. मिस आरेन्ड्सेनं एक कळ दाबली, पडद्याकडे बघितलं आणि मान हलवली. “जुळलं, मामा. झालं तुमचं. आता दर महिन्याला येऊन सही करून जायचं, काम मिळेपर्यंत.”

“दर वेळी नाव विचारणार का, मिस?”

“नाही, नाही. नाव आता परत कधीच नाही. फक्त सही.”

बाहेर टॅक्सीच्या थांब्यावर दोघं कट्ट्यावर बसली. म्हाताऱ्यानं हॅट परत डोक्यावर घातलीच नाही. मादलोमोला वाटलं, दुखावला. सगळ्यांसमोर नाव घेतलं, ते बरोबर झालं नाही. ती काहीतरी बोलणार, तेवढ्यात तोच म्हणाला, “शेवटचं अक्षर ओढलंस तू.”

“हो का, ताता?”

“माझी आई ओढायची तसं. कुरणातून हाका मारायची.” त्यानं हॅट गुडघ्यावर फिरवली. आई जाऊन जमाना झाला होता. भाऊ गेले. बायको जन्मभर त्याला पोराचा बाप म्हणत राहिली आणि तीही गेली. गल्लीत तो ताता, चर्चमध्ये कुळाच्या नावानं ओळखतात. मादलोमोनं एकेक माणूस मनात आठवून बघितला, आणि त्याला नावानं हाक मारणारं जिवंत कुणीच तिला सापडलं नाही. हे तिला आजवर कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. जगभरच्या चौकश्या करणाऱ्या तिला.

“दर महिन्याला यावं लागेल ना तुला?” म्हाताऱ्यानं रस्त्याकडे बघत विचारलं.

“हो. सहीला.”

“आणि नाव? ते दर वेळी विचारतात?”

मादलोमोनं रुमालाची गाठ सारखी केली.

“विचारतात, ताता.”

“मग काय,” म्हातारा म्हणाला, “यायलाच हवं मला.” आणि टॅक्सी आली का ते बघायला त्यानं मान वळवली.