पिवळ्या दिव्याची खोली

डबी उघडण्याआधी ती झाकणावर टिचकी मारते. चहा गार होऊ देते आणि मग गार झाला म्हणून कुरकुरते. स्वतःच्या चेहऱ्याला काही लावत नाही. कोणी "छान दिसतेस" म्हटलं की म्हणते, "उजेड कमी आहे." मला "कवी" म्हणते. मी साहित्याचा पदवीधर, आणि तिच्या प्रयोगशाळेत रिपोर्टांचं शुद्धलेखन बघतो.

मी तिला ताई म्हणतो. ताई क्रीममधलं अ जीवनसत्त्व मोजते. पांढऱ्या उजेडात ते नासतं, म्हणून तिच्या खोलीत पिवळा दिवा असायचा.

साहेबांनी तो काढून पांढऱ्या ट्यूब लावल्या. जाहिरातीसाठी फोटो काढायचे होते.

"पिवळ्यात सगळे कावीळ झाल्यासारखे दिसतात."

"साहेब, फोटो झाले. आता दिवा परत लावा."

"लावू गं. उद्या."

तो उद्या काही उजाडला नाही. जुना दिवा भंगारात गेला होता.

ताई भांडी फॉइलमध्ये गुंडाळून, ट्यूबकडे पाठ करून काम करत राहिली. आकडा प्रत्येक खेपेला खाली. एका लहान कारखान्याची क्रीम नापास ठरत होती.

साहेबांनी रिपोर्ट पुढे सरकवला. "कर सही. माल परत जाईल, आपलं काय जातंय?"

"माझं नाव जातंय. क्रीम नापास नाही साहेब, खोली नापास आहे."

"मग कर पुन्हा! हात बसत नाही आणि दिव्याच्या नावाने खडे फोडते."

त्या क्रीमची एकच डबी उरली होती. ताईने सामानाची कोठडी रिकामी केली, टॉर्चला पिवळा कागद बांधला आणि मला दाराशी उभं केलं.

"कोणी आलं तर कविता म्हण. आपोआप पळतील."

साहेब पाहुण्यांना घेऊन आले. मी "आत काम चाललंय" म्हणेपर्यंत त्यांनी दार ढकललं, पांढऱ्या दिव्याचं बटण दाबलं.

"आणि ह्या आमच्या सगळ्यात अनुभवी..."

ताई ओरडली नाही. मला त्याचीच भीती वाटली. तिने फ्लास्क टेबलावर ठेवला, अंगातला कोट काढून साहेबांच्या हातात दिला.

"घ्या. आता तुम्हीच मोजा."

आणि ती गेली. पाहुणे माझ्याकडे बघत राहिले, मी फ्लास्ककडे. द्रावण मानेवरच्या रेघेपर्यंत भरायचं होतं. भरायला थोडंसंच राहिलं होतं.