भिंगरी आत्या बसली तेव्हा

आमच्या आत्याला बसलेलं फार थोड्यांनी पाहिलं असेल. सकाळची लिंगपूजा तेवढी ती पाटावर बसून करायची. तिथून उठली की रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत तिचे पाय चालूच. चहा ओट्याशी उभ्यानं, जेवण ताट हातात घेऊन चौकटीला टेकून, आणि फोनवरचं बोलणं गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. खरं नाव गंगाबाई. पण आम्ही सगळी भाचरं तिला भिंगरी आत्या म्हणायचो, अगदी तोंडावरसुद्धा. "भिंगरी तर भिंगरी. थांबली की पडती ती," असं म्हणून ती हसायची आणि हसता हसता कुणाचं तरी उष्टं ताट उचलून न्यायची.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. उदगीरचे काका, अहमदपूरचे काका आणि लातूरला माझे बाबा, अशा तीन भावांच्या घरांत तिनं जन्म काढला. कोणत्या महिन्यात ती कुठं असेल, ते आजारपणं, बाळंतपणं आणि घरबदल ठरवायचे. घर बदलताना तर ती हवीच. "कांद्याची टोपली सगळ्यात शेवटी भरायची अन् सगळ्यात आधी सोडायची. चूल पेटली की घर आपलं," हा तिचा नियम. त्यामुळं माझी बदली लातूरहून नांदेडला झाली, तेव्हा मी बोलावण्याआधीच ती येऊन दाखल झाली. आई-बाबा गेल्यावर लातूरच्या त्या भाड्याच्या घरात आम्ही दोघीच होतो, मी आणि माझी मांजर, खारी.

खारी रंगानं खरंच बेकरीतल्या खारीसारखी होती. पिल्लू असताना घरात आली ती पुन्हा उंबऱ्याबाहेर गेली नाही. तिचं जग म्हणजे तीन खोल्या आणि एक जाळीची खिडकी. आत्याला हे मुळीच पटत नसे. तिच्या लेखी मांजर म्हणजे दुधापुरतं घरात येणारं आणि एरवी पत्र्यावर हिंडणारं जनावर. मी जाळीच्या दाराचा प्लॅस्टिकचा पिंजरा विकत आणला तेव्हा ती म्हणाली, "एवढा थाट कामून? पोत्यात घाल अन् चल." पण गाडीत मात्र तिनं तो पिंजरा स्वतःच्या मांडीवर घेतला. अहमदपूर येईपर्यंत खारीनं रडून जीव नकोसा केला. आत्या आधी रागावली, मग जाळीला तोंड लावून हळूच म्हणाली, "गप गं बाई. मी काय रडून राहिले का? मी बी चाललेच की तुझ्यावाणी."

नांदेडचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली रस्ता, रस्त्यावर दिवसभर ऑटोंची घरघर. पिंजरा उघडताच खारी बाणासारखी सुटली आणि आतल्या लहान खोलीत दिवाणाखाली, अगदी भिंतीच्या कडेला जाऊन दडली. मी गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "तिला ती एकच खोली राहू द्या. ओढून बाहेर काढू नका, गडबड नको. तिच्या अंगाचा वास असलेलं जुनं काहीतरी जवळ ठेवा." मी तिची गोधडी शोधायला लागले. ती गच्चीवर वाळत होती. टेम्पोतून गाठोडी उतरल्याबरोबर आत्यानं सगळी अंथरुणं-पांघरुणं धुऊन टाकली होती.

"आत्या, ही का धुतलीस?"

"घाण वास येऊन राहिला होता तिला."

"अगं, तोच तर वास पाहिजे होता! आता तिला या घरात ओळखीचं काय राहिलं?"

माझा आवाज चढला होता. आत्यानं ती ओली गोधडी दोरीवरून काढली, उगीचच पुन्हा पिळली आणि पुन्हा वाळत घातली.

त्या दिवशी खारीनं काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आत्याच्या जिवाची नुसती तगमग चालली होती. भांडी लावता लावता ती उठायची, त्या खोलीत जायची, चादर वर करून वाकायची, "खा की गं बया," म्हणायची. तिच्या बांगड्या वाजायच्या, वाटी फरशीवर घासायची आणि खारी आणखी आत सरकायची. मग आत्या हॉलमध्ये फेऱ्या मारायची, आणि तिच्या फेऱ्या पाहून मी. शेवटी मी म्हटलं, "सारखी आत जाऊ नकोस. तुला भिऊनच ती बाहेर येत नाही." आत्यानं माझ्याकडं पाहिलं आणि आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसायला घेतला.

तिसऱ्या दिवशी मला ऑफिसात हजर होणं भाग होतं. संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर घेऊन या, सलाईन लावावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवं ऑफिस, नवी माणसं, आणि माझं लक्ष घड्याळात. दुपारी घरी फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला, नाही. आत्या आणि फोन उचलत नाही? दार उघडं राहिलं असेल, खारी जिन्यानं खाली गेली असेल, आत्या अनोळखी गल्ल्यांतून तिच्या मागं धावत असेल, असं काहीबाही मनात यायला लागलं. साहेबांना कसंबसं सांगून निघाले. ऑटोवाल्याला म्हटलं, "दादा, जरा लवकर घ्या." तो म्हणाला, "ताई, घेऊनच राहिलो ना."

किल्लीनं दार उघडलं. घरात शांतता होती. केर काढलेला नव्हता. सकाळची भांडी मोरीत तशीच पडलेली, बादलीत कपडे तसेच भिजलेले. आत्या घरात असताना असं घर मी कधी पाहिलं नव्हतं. लहान खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं, ते हळूच ढकललं.

आत्या जमिनीवर बसली होती. पाठ भिंतीला, पाय लांब पसरलेले. हातातल्या बांगड्या काढून बाजूला ठेवलेल्या. मांडीवर माझी ओढणी होती, प्रवासात घातलेली, न धुतलेली. तिच्यावर दहीभाताची वाटी. आणि दिवाणाखालून खारीचं डोकं, मान आणि एक पाय बाहेर आला होता. आत्यानं डोळ्यांनीच मला दटावलं. मग अगदी हलक्या आवाजात, तिची आई बोलायची त्या कन्नडमध्ये, ती खारीला बोलवत राहिली, "बा... बा गं... बा..." खारी पुढं आली. तिनं ओढणी हुंगली, आत्याचा अंगठा हुंगला आणि वाटीत तोंड घातलं.

खारीचं खाऊन झालं तेव्हा मी विचारलं, "केव्हापासून बसलीस?"

"तू गेलीस तवापासून. मी उभी राहिले की ती आत जाती. म्हटलं, आपणच बसावं." ती गुडघे चोळायला लागली. "लई अवघड गेलं बघ."

"गुडघे दुखले?"

"गुडघ्याचं काय नाय. भ्या वाटत होतं." तिनं बाजूला ठेवलेल्या बांगड्या जवळ ओढल्या. "भावाच्या घरात बसलेली बाई डोळ्यावर येती, पोरी. काम करणारी कुणाला दिसत न्हाई. म्हणून कधी बसलेच न्हाई मी."

मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

त्यानंतर आत्या रोज दुपारी त्या खोलीत बसू लागली. आधी दार बंद, मग अर्धं उघडं, मग सताड. खारी हॉलपर्यंत आली, कुकरची शिट्टी होताच पळाली, पुन्हा आली. एके दिवशी खिडकीत चढून तिनं रस्त्यावरचे ऑटो मोजल्यासारखे पाहिले. संध्याकाळी मी आले की आत्या मला हे सगळं साग्रसंगीत सांगायची. एकदा खारी तिच्या मांडीवर झोपली होती, तेव्हा ती मला म्हणाली, "पाणी दे गं जरा, उठता येईना." मी तांब्या भरून दिला. तोवर तिच्या हातात पाण्याचा तांब्या मी कधीच दिला नव्हता.

मग उदगीरहून फोन आला. काकांच्या सुनेचे दिवस भरले होते. आत्या लगेच पिशवी भरायला लागली. मी म्हटलं, "आता इथंच राहा ना." ती म्हणाली, "तिकडं लेकरू यायलंय, बाई," आणि गेली. खारी कितीतरी दिवस खोल्याखोल्यांतून म्यांव म्यांव करत हिंडत होती. माझंही काही ठिकाणावर नव्हतं. मी टीव्ही लावायची, बंद करायची, पुन्हा लावायची.

पुढं आत्या माझ्याकडं आली आणि शेवटपर्यंत माझ्याकडंच राहिली. गेल्या वर्षी, थोड्याशा तापाचं निमित्त होऊन, त्या लहान खोलीतच ती गेली. तिची आठवण निघाली की घरातले लोक तिच्या धावपळीच्या गोष्टी सांगतात. मला मात्र आठवतो तो मी तिला आणायला उदगीरला गेले तो दिवस. बाळ रांगायला लागलं होतं आणि काकांनी फोनवर चाचरत सांगितलं होतं, "घर लहान पडून राहिलंय गं. आक्काला आता कुठं धाडावं?"

मला दारात पाहताच आत्या घाबरली. "कोण आजारी हाय?"

"कुणी नाही."

"घर बदलायलीस का पुन्हा?"

"नाही. तुला न्यायला आले."

"कामून? काय काम हाय?"

"काहीच काम नाही, आत्या."

"मग कशाला येऊ?"

"राहायला."

ती माझ्याकडं बघत उभी राहिली. मग आत गेली. पिशवी भरल्याचा आवाज आला, बाळाशी काहीतरी बोलल्याचा आवाज आला. निघताना ती नेहमी गावाचं नाव घ्यायची, लातूरला चालले, अहमदपूरला चालले. त्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली, पदर डोक्यावर घेतला आणि काकूला म्हणाली, "सुमन, येते गं. घरी चालले मी."