आडवं चालायचं घर

डोंगराच्या पायथ्याच्या आमच्या काराकोल शहरात चित्रकार सूयुनबायच्या घरात शिरायचं तर आडवं होऊनच. दारामागच्या बोळात दोन्ही भिंतींना तैलचित्रं वाळत उभी असायची. हिवाळ्यात खिडक्यांच्या फटी कागदाने बंद केल्या की ती लवकर वाळायचं नावच घेत नसत. त्याच्या बायकोच्या, बूरुलच्या, डोक्याच्या एकेका रुमालाला डोंगराचा निळा नाहीतर घोड्याचा तांबडा डाग पडलेला.

तैलरंगात मिसळायच्या टर्पेंटाइनच्या वासाने अखेर तिला दमा जडला. डॉक्टरांनी साफ सांगितलं, हा वास असेल त्या घरात राहायचं नाही. ती टोकमोकला लेकीकडे गेली. मी शेजारी, मला काही गप्प बसवेना.

"अरे, अॅक्रिलिक घे की! पाण्यात कालवायचे रंग, वास नाही काही नाही."

"ते प्लास्टिक? कुंपणं रंगवावीत त्याने!"

"मग बस घोडे रंगवत. चहाही त्यांच्याकडूनच करून घे."

त्यानंतर त्याने माझ्याशी बोलणंच टाकलं. मग एक दिवस स्वतःच अॅक्रिलिकच्या ट्यूबा घेऊन आला. जुनं सगळं सामान, ओल्या चित्रांसकट, अंगणापलीकडच्या कोठीत गेलं.

आणि सुरू झाला तमाशा. आभाळ अर्धं रंगवून होतंय तोच रंग वाळून जाई. चांगले ब्रश दगडासारखे झाले.

"जन्मभर एकेका ढगाशी खेळत बसलो," तो ओरडायचा, "हा मेला विचारसुद्धा करू देत नाही!"

मग तो पाण्याचा फवारा मारायला शिकला, हात धीट झाला. खरं सांगू? त्याचे घोडे आजवर नुसते उभे असायचे. आता ते पळायला लागले.

नोरुझच्या, म्हणजे वसंतातल्या नव्या वर्षाच्या, सुमारास बूरुल उन्हाळी कपडे न्यायला आली, बाहेर टॅक्सी थांबवून. मी तेव्हा तिथेच. दारातच तिने श्वास घेतला, पुन्हा घेतला, टर्पेंटाइनचा मागमूस नव्हता, आणि तिचे डोळे भरून आले.

"म्हाताऱ्या, चित्रं सोडलीस? माझ्यापायी? मी सांगितलं होतं का तुला?"

"अगं म्हातारे, आधी आत तर ये."

ती आत आली, जुन्या सवयीने आडवी होऊन.

"सरळ चाल की!"

"रुमाल नवा आहे माझा."

तेवढ्यात तिला भिंतीवरचे पळते घोडे दिसले. बराच वेळ बघत राहिली. मग डोक्यावरच्या पांढऱ्या रुमालाचं टोक तिने घोड्याच्या पाठीवर चांगलं दाबून धरलं आणि उलटून पाहिलं. पांढरंच होतं.

माझा जीव भांड्यात पडला.

तिने छाती भरून श्वास घेतला आणि माझ्याकडे वळली.

"त्या टॅक्सीवाल्याला जा म्हणावं."