एरंडेलाचा आळ

"चूक माझीच," मास्तर म्हणाले, आणि तेवढ्यात भंगारवाल्यानं ऑर्गनच्या पहिल्या नळीवर हातोडा घातला. नळ्या टेम्पोत मावत नव्हत्या, म्हणून तो त्या चेपत होता. मास्तर देवळाच्या पायरीवर अनवाणी उभे होते. मी त्यांच्या शेजारी. चूक माझी होती. मी तोंड उघडलं नाही.

तुमच्यातल्या वयस्कर माणसांनी मास्तरांना पाहिलं असेल. शाळेत गणित शिकवायचे आणि रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळात ऑर्गन वाजवायचे. नाटकातल्या पेटीसारखा नव्हे. भिंतभर उंच, कथलाच्या नळ्यांचा. मागच्या खोलीत त्याचा कातडी भाता होता, लोहाराच्या भात्याच्या दसपट. तो दांडा हाणून फुगवायचं काम माझं. मी चौथी शिकलेली. देवळातला झाडू आणि तो दांडा, दोन्ही मीच सांभाळायची.

मास्तर बसण्याआधी चपला काढून रुमालानं तळपाय पुसायचे, कारण ऑर्गन पायांनीही वाजवावा लागतो. लोक हसायचे. त्यांना फरक पडत नव्हता.

"चूक माझीच" हे त्यांचं पालुपद. एसटीत कुणी त्यांच्या पायावर पाय दिला तरी हेच. एकदा प्रवचन लांबलं, मला डुलकी लागली आणि गीताच्या मध्येच वारं संपलं. ऑर्गन रेड्यासारखा हंबरून गप्प झाला. पाळकसाहेब माझ्यावर भडकले. मास्तर म्हणाले, "चूक माझीच. बाईला आधी चहा द्यायला पायजे होता." पुढच्या रविवारपासून भात्याजवळ माझा चहा झाकून ठेवलेला असायचा.

दर नाताळात ते ऑर्गनची कथा सांगायचे. निजामाच्या राज्यात एका गोऱ्या पाळकानं तो विलायतेहून मागवला. आगगाडी संपली तिथून पुढं बैलगाड्या. नाक्यावर शिपायांनी नळ्या पाहिल्या आणि तोफा समजून गाड्या अडवल्या.

"मंग वो, मास्तर?" मी दरवेळी विचारायची.

"मंग साहेबानं एक नळी उचलली अन् फुंकली. शिपाई म्हणला, ही कशाची तोफ? ही तर म्हैस हाय. जाऊ द्या."

आणि ते सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायचे.

मग त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे दोन महिने जावं लागलं. भात्याचं कातडं वाळू नये म्हणून ते दर शुक्रवारी त्याला एरंडेल लावायचे. जाताना दुप्पट लावलं. खोलीची किल्ली माझ्याकडे दिली.

त्याच आठवड्यात माझ्या भावानं चकलांब्याहून ज्वारीची चार पोती आणून दिली. घरात ठेवली असती तर जाऊबाईनं अर्धी उचलली असती. भात्याची खोली कोरडी होती, कुलूपबंद होती. मी पोती तिथं लावली. आठवडाभरानं खुडबुड ऐकू आली. म्हटलं, उंदरांना ज्वारी असताना ते कातडं कशाला खातील? शेतकऱ्याच्या घरात वाढलेली मी. उंदीर भुकेपेक्षा जास्त कुरतडतो, हे मला माहीत होतं.

मास्तर यायच्या आदल्या दिवशी पोती हलवली. त्यांच्या मागं भात्याला हात जाईल एवढी भोकं होती. मी ज्वारीचा दाणा न् दाणा झाडून काढला. लेंड्या तेवढ्या राहू दिल्या.

रविवारी मास्तर बसले. मी दांडा हाणला. नुसता फुसफुस आवाज. ते आत आले, भोकांवरून हात फिरवला, बोटांचा वास घेतला. "एरंडेलाच्या वासानं उंदीर आले. मीच जास्त लावलं. चूक माझीच, बाई."

मी म्हटलं, "आसंल."

दोन महिने ते चांभाराला घेऊन ठिगळं लावत बसले. एक ठिगळ बसलं की दुसरीकडे फाटायचं. दुपारी मी भाकरी न्यायची. एकदा म्हणाले, "लई गोड भाकरी हाय. ज्वारी कुठली?"

"चकलांब्याची."

मी एवढंच बोलले. पुढचं वाक्य तोंडात होतं, ते गिळलं. देवळातलं काम जाईल ही भीती होतीच. पण खरं म्हणजे मास्तरांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं.

शेवटी देवळाची पंचकमिटी बसली. एक पंच म्हणाला, "काय मास्तर, उंदराला फोडणी घालून वाढलं व्हय?" सगळे हसले. मास्तरही हसले. विजेवरचा कीबोर्ड आणायचं ठरलं आणि नळ्या भंगारात गेल्या. मी दाराशी झाडू धरून उभी होते. तेव्हाही बोलता आलं असतं.

कीबोर्डला मास्तरांनी कधी हात लावला नाही. मागच्या बाकावर बसायचे. गाताना पूर्वी ज्यांचा आवाज भिंतीला लागायचा, ते मास्तर आता नुसते ओठ हलवायचे. मी दोनदा सांगायला घरी गेले. दोन्ही वेळा त्यांनीच चहा केला, आणि मी पिऊन परत आले.

ते वारले तेव्हा देवळात कुणीतरी एरंडेलाची गोष्ट प्रेमानं सांगितली. आजही त्यांचं नाव निघालं की तीच गोष्ट निघते.

एरंडेलानं काही झालं नाही. उंदीर ज्वारीला आले, आणि ज्वारी माझी होती. मास्तर गेले, पाळकसाहेब गेले, तो पंच गेला, चांभारही गेला. त्यातली मी एकटीच उरले आहे.