बोर्डापुढं केलेलं सिद्धूचं कौतुक

नवऱ्याला हे माहीत नाही. आई-आप्पा गेले, त्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणजे ही गोष्ट आजवर फक्त माझ्याजवळ राहिली — आणि सिद्धूजवळ. पण त्याला ती फार वेगळी वाटते. तुम्हाला सांगतेय ते मन हलकं व्हावं म्हणून नाही. ते व्हायचं नाही, हे मला ठाऊक आहे.

सिद्धू माझा धाकटा भाऊ. आम्ही पेठ वडगावचे, आप्पा पोस्टमन. सिद्धू कोल्हापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता तेव्हा त्याला आवाज ऐकू यायला लागले. भिंतीआडून कुणीतरी आपल्याबद्दल बोलतंय, म्हणायचा. मग जेवणात काहीतरी घातलंय म्हणून त्यानं आईनं वाढलेलं ताट भिरकावलं. कॉलेज सुटलं. वर्ष-दीड वर्ष तो घरातच होता, आणि गावाला आम्ही सांगितलं — कावीळ झालीय. काविळीला कुणी हसत नाही ना! शेजारीपाजारी उसाचा रस आणून द्यायचे आणि सिद्धू बिचारा मुकाट्यानं पीत बसायचा.

पुढं गोळ्या लागू पडल्या. आवाज थांबले. पण हात थरथरायचा, लिहायला बसला की एका पानाला तास जायचा. तरीही एक दिवस तो स्वतःहून म्हणाला, आक्का, मला परत कॉलेजला जायचंय. आईनं बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली. त्याचे कोल्हापूरचे डॉक्टरही खूश झाले. म्हणाले, अशा आजाराला आता अपंगत्वाचा दाखला मिळतो. फीमध्ये सवलत, एस.टी.चा पास, आणि मुख्य म्हणजे परीक्षेत जादा वेळ. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांचं बोर्ड बसतं, तिथं त्याला न्यायचं. फक्त घरचं कुणीतरी बरोबर हवं, कारण पेशंट घरी कसा वागतो हे डॉक्टर घरच्यांना विचारतात आणि त्यावरच सगळं ठरतं.

आप्पांची डॉक्टरांपुढं बोबडी वळायची. ते म्हणाले, "तू शिकलेली हाईस पोरी, तूच जा." मी गेले.

इथं एक सांगायला हवं. त्याच महिन्यात माझा साखरपुडा झाला होता. मुलगा गारगोटीचा. त्यांनाही आम्ही कावीळच सांगितली होती. आणि दवाखान्याच्या बाकावर बघते तर माझ्या होणाऱ्या नवऱ्याचे चुलते, अधू पायाच्या दाखल्यासाठी येऊन बसलेले! "काय पोरी, तू हितं कशी काय?" त्यांनी अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं विचारलं. भावाला कॉलेजसाठी फिटनेसचा दाखला लागतोय, असं मी सांगून टाकलं. सिद्धूनं माझ्याकडं पाहिलं.

मग आम्हाला दोघांना आत बोलावलं. दाराला नुसता हिरवा पडदा. डॉक्टर बाई मला एकेक विचारत गेल्या.

स्वतः आंघोळ करतो का? — करतो की, रोज. (आई त्याला हाताला धरून मोरीत न्यायची, डोक्याला साबण लावायची.) लोकांत मिसळतो का? — मित्र येतात, गप्पा मारतात. (एकही मित्र तेव्हापासून उंबरा चढला नव्हता.) घरातली कामं? — गिरणीला जातो, बाजार आणतो. वाचन? — दिवसभर पुस्तकात डोकं असतं. तेवढं खरं होतं. पान उलटत नव्हतं, एवढंच.

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, इथं झाकून ठेवायचं नसतं. खरं सांगाल तर त्याचा फायदा होईल." त्यांचा आवाज चांगला मायेचा होता. मी म्हटलं, खरंच सांगतेय मॅडम, आमचा सिद्धू अगदी व्यवस्थित आहे. हा सूर कुणाचा होता, सांगू? माझ्या आईचा. गारगोटीची माणसं मला बघायला आली तेव्हा ती असंच बोलत होती — पोरीला सगळं येतं, कशात म्हणून कमी नाही. आमच्याकडं परक्यापुढं घरच्या माणसाबद्दल असंच बोलतात. पण ती खोली स्थळ बघायची नव्हती. आणि हे मला कळत नव्हतं, असं तरी कसं म्हणू?

बरीच वर्षं मी स्वतःला समजावत आले, की पडद्याबाहेर चुलते बसले होते, लग्न मोडलं असतं, मी तरी काय करणार. ऐकायला बरं वाटतं ना? पण चुलत्यांचा नंबर आमच्या आधी होता. ते बाहेर आले, "येतो गं" म्हणाले, आणि लंगडत पायऱ्या उतरून गेले. मी त्यांना जाताना पाहिलं होतं. आम्ही आत गेलो तेव्हा बाहेर ओळखीचं एक माणूस नव्हतं. मग मी कुणाला भीत होते? — कुणालाच नाही. माझ्या भावाला दुसऱ्यानं आंघोळ घालावी लागते, हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. मला त्याची लाज वाटत होती. बास, एवढंच आहे.

बाहेर टपरीवर चहा घेतला. कितीतरी दिवसांनी सिद्धू हसला. म्हणाला, "आक्का, किती चांगलं बोललीस गं माझ्याबद्दल. मला वाटायचं, तुला माझी लाज वाटती." मी चहाचे पैसे द्यायला उठले.

दाखला मिळाला नाही. एवढ्या धडधाकट माणसाला कसा मिळणार? घरी मी सांगितलं, बोर्डानं नाकारलं, सरकारी कारभार. आप्पांनी सरकारला शिव्या घातल्या. कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले, पुन्हा अर्ज करा. मी करते म्हणाले, आणि लग्न करून गारगोटीला निघून गेले.

सिद्धूनं कॉलेज पुन्हा सुरू केलं, पण परीक्षेत जादा वेळ नव्हता. पहिला पेपर निम्मा कोरा राहिला. सिद्धूनं आपल्या डोक्यानं उपाय काढला. गोळ्यांनी हात थरथरतो, मग गोळ्याच बंद. त्या तो मोरीत टाकायचा. शेवटच्या पेपराला तो उठून उभा राहिला, भिंत माझी उत्तरं वाचतेय म्हणून ओरडायला लागला. पोरं हसली. शिपायानं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. तो कॉलेजात परत कधी गेला नाही. आवाज मात्र परत आले, आणि मग कुठल्याच गोळ्यांनी पुरते गेले नाहीत.

सिद्धूच्या आजाराची बातमी शेवटी गारगोटीला पोचली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आधी सांगायचं की गं. आमच्यात बी हाय की एक, माझी थोरली भन." त्यांनी भाकरी थापायचं थांबवलंसुद्धा नाही.

गोळ्या का बंद केल्यास, मी सिद्धूला विचारलं होतं. माझ्यावर रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. पण तो समजुतीनं म्हणाला, "तूच सांगितलंस की बोर्डाला, मला काय झालेलं न्हाय म्हणून."

आता आई-आप्पांच्या माघारी तो आमच्याकडं असतो, मागच्या खोलीत. आंघोळ मी घालते. डोक्याला साबण लावताना तो डोळे घट्ट मिटून घेतो.

परवा पावणे आले होते. सिद्धू बाहेर येऊन बसला आणि नेहमीचं सांगायला लागला. "आक्कानं मोठ्या डॉक्टरांपुढं माझं कौतुक केलतं. समदं जमतं म्हणाली मला." कप त्याच्या हातात ठरत नव्हता, म्हणून मी तो त्याच्या तोंडाला लावला. पावणे गहिवरले. अशी बहीण मिळायला नशीब लागतंय, म्हणाले.

मी पदरानं सिद्धूचं तोंड पुसलं, आणि पावण्यांना अजून चहा देऊ का विचारलं.