साळवे सरांच्या आखूड ओळी

साळवे सर संगणकासमोर बसले की प्रत्येक ओळीच्या शेवटी त्यांचा डावा हात उचलला जायचा, हवेतच काहीतरी उजवीकडे ढकलायचा, आणि मग ते एंटर दाबायचे. टाइपरायटर विकून कितीतरी वर्षं झाली होती; हाताला ती बातमी पोचलेली नव्हती. "डोकं विसरतं, बाई. हात विसरत नाही," असं ते म्हणायचे.

रिया, नील, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही माझ्या मागच्या कपाटातलं निळं पुस्तक उघडून दाखवायला लावलंत आणि विचारलंत, "आजी, यात तुझं नाव का आहे?" मी विषय बदलला होता. आता नीट सांगते.

सरांचा टायपिंग क्लास नगरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी होता. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून परीक्षेचे इंग्रजी उतारे ते माझ्याकडून तपासून घेत. त्यांच्या क्लासमध्ये खोडरबराला बंदी होती. चूक झाली की कागद काढायचा आणि नवा घालून पहिल्यापासून सुरुवात करायची. एकदा एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "सर, शेवटचीच ओळ राहिली होती हो." सर शांतपणे म्हणाले, "मग आता शेवटच्या ओळीला सांभाळशील." नवा कागद मात्र त्यांनी स्वतः घालून दिला.

त्यांना जवळचं असं एकच माणूस होतं, थोरली बहीण राहेलअक्का. आई लवकर गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं. जामखेडच्या बाजूच्या खेड्यांत तिने नर्स म्हणून आयुष्य काढलं, शेकडो बाळंतपणं केली, आणि निवृत्तीनंतर जामखेडलाच राहिली. सर रविवारची उपासना आटोपली की एसटीने तिच्याकडे जात आणि ती सांगेल ते वहीत उतरवून आणत. त्याचं पुस्तक करायचं, स्वतःच छापायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. घाई एवढ्यासाठी, की अक्काला काचबिंदू होता. नजर दोन्ही कडांनी आत आत येत चालली होती. "नळकांड्यातून बघितल्यावानी दिसतंय," असं ती म्हणायची. उरलेली नजर फार टिकणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. अक्काने आपलं पुस्तक आपल्या डोळ्यांनी वाचावं, एवढंच सरांना हवं होतं.

एका सकाळी ते पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आले. "पानांचे आकडे तेवढे जागेवर बसवून द्या, बाई. पळतात." मी फाईल उघडली. त्यांनी प्रत्येक पानाच्या तळाशी आकडा हाताने टाइप केला होता. मध्ये एक वाक्य घातलं की पुढचे सगळे आकडे खाली सरकून पानाच्या मधोमध येत. नवीन प्रकरण नव्या पानावर जावं म्हणून वीस-वीस वेळा एंटर दाबलेला. आणि प्रत्येक ओळ चार-पाच शब्दांनी तोडलेली, पानाची उजवी अर्धी बाजू कोरी.

"सर, एवढी जागा का वाया घालवलीत?"

"अक्काला वाचायचंय."

ते अक्षराच्या आकाराबद्दल बोलत आहेत, असं मला वाटलं. अक्षर मोठं होतंच. ओळी तोडणं ही टाइपरायटरची जुनी खोड, हे मी पुरतं गृहीत धरलं. त्यांचा हवेत फिरणारा हात मी इतकी वर्षं पाहत आले होते.

मी म्हटलं, "आकडेच कशाला, सगळंच नीट करून देते. पुस्तक पुस्तकासारखं दिसायला हवं."

पंधरा दिवस मी त्यावर बसले. ए-फोरचं पान डेमी, म्हणजे नेहमीच्या पुस्तकाच्या आकाराचं केलं. शिवणीकडचा समास जास्त ठेवला. आकडे आपोआप पडतील असे बसवले, प्रकरणं उजव्या पानावर आणली, ओळी दोन्ही कडांना सरळ लावल्या. परिच्छेदांच्या जागा राखून बाकीचे एंटर 'शोधा आणि बदला'ने एका फटक्यात काढून टाकले. दोन हजारांहून जास्त निघाले. तो आकडा पाहून मला समाधान वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

छापून आणलेला नमुना सरांनी बराच वेळ चाळला. "दोन्ही बाजूंनी दाढी केल्यासारखं गुळगुळीत झालंय," ते म्हणाले. मी हसले. तेही थोडं हसले. मग पुस्तक छापलं आणि आत 'मांडणी' असं लिहून त्यांनी माझं नाव घातलं.

पहिली प्रत घेऊन आम्ही दोघं जामखेडला गेलो. अक्काने पुस्तक आधी हुंगलं. "लई ब्येस केलंय तुमी, बाई," म्हणाली. मग भिंग घेऊन, ओळीखाली बोट धरून वाचायला लागली. पहिली ओळ संपली. बोट परत डावीकडे आलं ते दोन ओळी खाली उतरलं. तिने पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या वेळी तिने भिंग खाली ठेवलं.

"वळ गावंना रं. तू ते कागद आनल्ते, त्यात गावत हुती."

"कुठले कागद?" मी विचारलं.

"पयल्या परकरनाचे. चार-चार शब्दाच्या वळी हुत्या. नजर हालवायचं काम न्हवतं. भराभरा वाचलं की म्या."

सर जमिनीकडे पाहत होते. अक्काने पुस्तक मिटून त्यांच्या हातात दिलं. "ठिव कपाटात. चहा टाकते."

परतीच्या एसटीत मी विचारलं, "नमुना पाहिला तेव्हा का बोलला नाहीत?"

"पंधरा दिवस बसला होतात तुम्ही. आणि मला वाटलं, वाचेल."

"मूळ फाईल आहे ना तुमच्याकडे?"

"पेनड्राइव्हवरच होती."

मी त्याच फाईलवर काम केलं होतं आणि तीच सेव्ह केली होती. एका कामाची एकच फाईल ठेवायची, हा माझा कायमचा नियम. एका क्लिकमध्ये जोडलेल्या ओळी आधी कुठे कुठे तुटल्या होत्या, हे संगणकाला सांगता येत नाही. मी त्याच फाईलमध्ये पुन्हा ओळी तोडून देते म्हटलं. ते म्हणाले, "नको. तिला किती दिसतं ते मला माहीत आहे."

दुसऱ्या दिवसापासून ते, चूक झाली की नवा कागद या आपल्याच नियमाने, पुस्तक शेजारी उघडं ठेवून पहिल्या शब्दापासून टाइप करायला लागले. वय ऐंशीच्या घरात, बोटं आखडलेली. दिवसाला दोन-तीन पानं व्हायची. रविवारी झालेले कागद जामखेडला जायचे. पण अक्काची नजर त्यांच्या बोटांपेक्षा वेगाने आटत होती. चौथ्या प्रकरणाच्या वेळी तिने कागद हातात घेतले आणि ते उलटे धरले आहेत हे तिला कळलं नाही. पावसाळ्याआधी ती गेली.

मी भेटायला गेले तेव्हा संगणकावर कापड घातलेलं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "सर, राहिलेली प्रकरणं पूर्ण करा. दुसऱ्या कुणाला तरी उपयोग होईल."

त्यांनी माझ्यापुढे चहाचा कप सरकवला.

"वाचणारं माणूस गेलं, बाई. बाकीच्यांना तुमचं पुस्तक आहे की."

त्यानंतर सर दोन वर्षं जगले. गल्लीत भेटलो की नमस्कार करायचे, तुमची चौकशी करायचे. माझ्याकडे काही तपासायला मात्र त्यांनी पुन्हा कधी आणलं नाही.