सोबतीचा रकाना

अकराव्या फेरीला ती दवाखान्याच्या व्हरांड्याच्या टोकाशी, पाण्याच्या नळाजवळ, भिंतीला हात टेकून उभी राहिली. कळ आली की थांबायचं, ओसरली की चालू लागायचं, असं सिस्टरने सकाळी बजावलं होतं. सोबत आलेल्या मावशीही थांबल्या, पण तिला हात लावला नाही. मघाशी पाठीवरून हात फिरवायला गेल्या तर ती केवढ्यांदा ओरडली होती, "नका हो हात लावू!" आणि कळ गेल्यावर आधी त्याचीच माफी मागत बसली होती.

"गेली?"

"गेली. चला."

"माझ्यावर वेळ आली असती ना, तर मी इथेच फतकल मारली असती."

"मग तुम्ही बसा थोडा वेळ. गुडघे दुखतात तुमचे."

"गुडघे काय, घरी बसूनही दुखतात. इथे निदान सोबत तरी आहे. चल."

व्हरांड्याच्या एका टोकाला नळ, दुसऱ्या टोकाला दोन झडपांचं दार. दाराच्या आत बाळंतपणाची खोली. मधे अठरा खिडक्या. मावशींनी पहिल्याच फेरीत मोजल्या होत्या. मावशी देवाचं नाव घेत चालत होत्या, एका खिडकीला एकदा. त्यांचे ओठ हलायचे, आवाज नसायचा.

कपड्यांच्या धुलाईघरात तिला सगळे 'घडी' म्हणत. तीन गल्ल्या पलीकडे ते धुलाईघर, आणि याच दवाखान्याच्या चादरी तिथे धुवायला येत. ती इस्त्रीवर होती. बाकीच्या बायका चादर चौपट करून मोकळ्या व्हायच्या. ही मात्र शेवटचा कोपरा आत दुमडायची, म्हणजे घडी कितीही आपटली तरी सुटत नसे. मुकादम म्हणायचा, "घडीबाई, चादर आहे ती, शालू नाही." तरी तिचा कोपरा आत जायचाच.

नवरा मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खोलीत. यायला अजून दोन महिने. पहाटे तिने त्याला निरोप पाठवला होता, "सुरू झालंय." जहाज भर समुद्रात असलं की निरोप पोचत नाही हे तिला ठाऊक होतं, तरी दर फेरीला ती फोन बघायची. आई ती नऊ वर्षांची असतानाच गेलेली. सासूच्या लेकीचंही बाळंतपण याच महिन्यात होतं. "आधी हिचं उरकते, मग तुझ्याकडे येते," असं सासू म्हणाली होती. जसं काही पोट थांबणार होतं.

म्हणून पहाटे साडेपाचला ती स्वतःच पिशवी घेऊन दोन जिने उतरली आणि खालच्या मजल्यावरच्या मावशींचं दार वाजवलं. दार उघडल्यावर पहिलं काय म्हणाली? "मावशी, झोपमोड तर नाही ना केली?"

मावशी शाळेतून निवृत्त झालेल्या. इमारतीतले सगळे अर्ज त्याच भरून देत. अक्षर टपोरं, आणि कागदावर खोटं एक अक्षर लिहायचं नाही हा नेम. कुणी वय कमी लिहायला सांगितलं तरी त्या म्हणायच्या, "देवालाही वाचता येतं, बाई."

त्यामुळे सकाळी खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज पुढे सरकवला तेव्हा पेन आपसूक मावशींच्या हातात गेलं. वय, पत्ता, कितवं बाळंतपण. मग एक रकाना होता: सोबत कोण, नाते काय. मावशींनी क्षणभरही विचार न करता लिहिलं, शेजारीण. तिने वाकून ते वाचलं. तेवढ्यात कळ आली.

चौदाव्या फेरीला नळापासून परत येताना तिचं पाणी गेलं. चपला, साडीचा काठ, फरशी, सगळं ओलं. ती घाबरली नाही, ओशाळली.

"पुसायला काही आहे का हो?" ती इकडेतिकडे बघत म्हणाली.

"अगं पुसतील ते लोक! तू दाराकडे चल."

दार उघडलं. आतल्या तरण्या सिस्टरने तिला धरलं आणि अर्जावर नजर टाकली. "एकजण आत येऊ शकतं. आई, सासू, बहीण, नवरा. तुम्ही कोण?"

"मी..." मावशी म्हणाल्या.

"इथे शेजारीण लिहिलंय. मग नाही चालणार."

"अहो, पण हिचं इथे दुसरं कुणीच नाही."

"नियम मी नाही केला, आजी. बसा बाकावर."

झडपा हलत हलत बंद झाल्या. त्यांच्या फटीतून तिला मावशींचा चेहरा दोनदा दिसला, मग नाही.

आत तीन खाटा, मधे पडदे. पलीकडच्या खाटेवर एक पोरगी होती आणि तिच्यासोबत तिची आई. ती आई सारखी करवादत होती. "पाय सैल सोड. सैल म्हणजे सैल! लहानपणापासून ऐकायचं म्हणून नाही." आणि पोरगी रडत म्हणायची, "तू गप बस गं, आई." हे 'गप बस' ऐकून घडीला एवढा हेवा वाटला की एका कळेपुरतं तिला स्वतःचं दुखणंच कळलं नाही.

मग पुढची आली, आणि तिच्याही तोंडून निघालं, "आई गं." प्रत्येकीच्या निघतं तसंच. पण निघाल्यावर तिला वाटलं, आपण कुलूप लावलेल्या घराची कडी वाजवतोय.

तासाभराने सिस्टरने तिच्या खाली नवी चादर घालायला घेतली. तिने ती हवेत झटकली, पण घडी सुटेना. सिस्टर कुरकुरली, "कोण असल्या घड्या घालतं कोण जाणे." कोपरा आत दुमडलेला होता. मंगळवारी इस्त्री करून पाठवलेली चादर. तिची स्वतःची.

तिला हसू आलं, आणि सांगायला कुणी नव्हतं. तिने तळहाताने चादर सारखी केली. साबणाचा, इस्त्रीच्या वाफेचा ओळखीचा वास. त्या खोलीत तिच्या ओळखीचं तेवढंच होतं.

आणि इथेच ती चुकली. दुसऱ्या कुठल्या बाईने ती चूक केली नसती. बाळ खाली सरकलं, जोर लावायची वेळ आली, मोठ्या सिस्टर येऊन पायाशी उभ्या राहिल्या आणि तिला आठवलं ते धुलाईघरातला हौद. हौदावर एक काकू होत्या. डागाच्या चादरी त्यांच्याकडे. आधी गार पाणी, मग साबण, मग डाग काढायचं औषध. औषधाने काकूंच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. डबा खाताना त्या चमचा दोन तळहातांत धरायच्या. रोज संध्याकाळी काकू डागाच्या चादरी मोजून म्हणायच्या, "आज एवढ्या बायका मोकळ्या झाल्या गं." आणि हात बघायच्या.

"लाव जोर!"

"लावतेय," ती म्हणाली. लावत नव्हती. दात आवळून, मांड्या आवळून, येणारी प्रत्येक कळ ती अर्ध्यावर अडवत होती. आणि एका हाताने अंगाखालची चादर हळूहळू बाजूला ओढत होती.

एक कळ गेली, दुसरी गेली, पाचवी गेली. तरण्या सिस्टरने पोटावर यंत्र टेकवलं. मघापासून भराभरा चाललेले ठोके आता दमल्यासारखे येत होते. सिस्टरने मोठ्या सिस्टरकडे पाहिलं. ती नजर घडीने टिपली.

मोठ्या सिस्टरची नजर तिच्या मुठीवर गेली. "हातात काय आहे तुझ्या? चादर का ओढतेस?"

"खराब होईल."

"काय?"

"डाग... डाग पडेल. हौदावरच्या काकूंच्या हाताला चिरा आहेत."

मोठ्या सिस्टर म्हणजे बत्तीस वर्षं त्या खोलीत काढलेल्या बाई. हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी तिची मूठ उघडली, एकेक बोट सोडवलं.

"ऐक. ते ठोके ऐकतेस ना? तुझं पोर दारात येऊन अडकलंय आणि तू चादर वाचवत बसलीस? ही चादर मी धुईन. मी, माझ्या हाताने. आता खराब कर. होईल तेवढी खराब कर!"

"खरंच धुवाल?"

"अगं बाई, देवाशप्पथ धुईन! लाव जोर!"

मग तिने लावला. आवाज कसला निघाला ते तिला आठवत नाही; पलीकडची आई म्हणे करवादायची थांबली होती. तीन कळांत डोकं, चौथीला सगळं. काहीतरी गरम, निसरडं तिच्यातून निघून गेलं आणि पोट एकाएकी रिकाम्या पोत्यासारखं खाली बसलं.

रडण्याचा आवाज आला नाही.

तिने मान उचलली. सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. कुणीतरी पळत जाऊन दार उघडलं, नळीचा आवाज आला. तिने देवाला काही मागितलं नाही. मागायला शब्द सुचले नाहीत. फक्त मावशी खिडकीगणिक घेत होत्या ते नाव एकदा घेतलं. मग एक खोकल्यासारखा, चिडका, बारीक आवाज आला.

"मुलगी आहे," मोठ्या सिस्टर पाठमोऱ्याच म्हणाल्या. "उशीर झाला त्यात तोंडात पाणी गेलंय. दोन दिवस उबेच्या खोलीत ठेवावं लागेल."

गुंडाळलेलं गाठोडं तिच्यासमोरून गेलं. एक कान दिसला, दुमडलेला. बस, तेवढंच.

पडद्यापलीकडे तासाभराने त्या पोरीचंही बाळ आलं. तिची आई हसत होती, रडत होती, नाक कुणासारखं ते ठरवत होती. घडी छताकडे बघत पडली. अंगातली सोबत नऊ महिन्यांनी उठून गेली होती, आणि खाटेपाशी बघावं तर तिथेही कुणी नव्हतं. सिस्टरने खालची चादर ओढून घेतली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "गरम पाण्यात टाकू नका. आधी गार. नाहीतर डाग पक्का होतो."

"बरं, बाईसाहेब," मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आणि चादर खरंच स्वतः घेऊन गेल्या.

चार वाजता भेटायची वेळ झाली. तिला हलवलं होतं त्या मोठ्या दालनात कुणीही येऊ शकत होतं. मावशी आल्या, लंगडत. डोळे सुजलेले.

"तुमच्या पायाला काय झालं?"

"कुठे काय. तू आत गेलीस, मी बसून काय करणार? आपल्या फेऱ्या राहिल्या होत्या. चालत राहिले." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्रेपन्न झाल्या."

ती बघतच राहिली. भिंतीच्या पलीकडे कुणीतरी तिच्यासाठी चालतंय, हे तेव्हा कळलं असतं तर!

"फोनवर काही?"

"नाही अजून."

तेवढ्यात तरणी सिस्टर एक कागद घेऊन आली. उबेच्या खोलीत जायला. आईने उद्यापर्यंत उठायचं नाही. बाळाच्या नातेवाइकांपैकी एकाला मात्र रोज तीनदा आत जाऊन बाळापाशी थांबता येईल. नाव आणि नातं लिहून द्यायचं. मावशींनी पर्समधून चष्मा काढला, पेन काढलं. नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यावर येऊन पेन थांबलं.

"सकाळी माझंच चुकलं गं," त्या हळूच म्हणाल्या. "पण खोटं कसं लिहू?"

"तुम्ही खरं तेच लिहिलंत. मी रागावले नाही." ती कोपरावर उठायला गेली, कळवळली, तशीच राहिली. "पण मावशी, मी आत एकटी होते. आता ती आहे. तिचा कान दुमडलाय, माहितीये? मी एवढंच पाहिलंय तिचं. तिथे तिच्याजवळ उभं राहायला कुणीतरी पाहिजे."

मावशी कागदाकडे बघत होत्या.

"आजी लिहा. एवढं एकदा लिहा. देवाने वाचलंच, तर त्याला काय सांगायचं ते मी सांगेन."